सपाट रेषेची साक्ष

१

मंगळवारी गारद झाल्याचा निर्वाळा मिळालेले जिवाणू गुरुवारी सकाळी प्लेटभर उगवलेले सापडले.

क्रिस्त्यान सिगर्डसननं काचेची ती चपटी प्लेट उजेडाकडे धरली, तिच्यावरची खूण पुन्हा वाचली आणि ती प्राध्यापक रायनहोल्ड क्लासेन यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. क्रिस्त्यान या प्रयोगशाळेचा कारभारी. किल्ल्या, बाटल्या, फ्रीज, कचरा, सगळं त्याच्या ताब्यात. प्लेटवर पिवळट, ओलसर ठिपक्यांची इतकी दाटी होती की मधली मोकळी जागा शोधावी लागत होती.

“हे कशाचं?” क्लासेननी विचारलं.

“मंगळवारच्या नळीचं, सर. नवं औषध घातलेली नळी. उरल्यातला एक थेंब मी प्लेटवर पसरून ठेवला होता.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. जुनी खोड आहे.”

त्याच नळीतल्या जिवाणूंचा आलेख मंगळवारी संध्याकाळी इस्पितळाला गेला होता. एका रुग्णाच्या पायाच्या जखमेतून आलेला हा जिवाणू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. नव्या औषधानं त्याला तासाभरात थंड केलं, असं आलेख सांगत होता. आणि प्लेट सांगत होती, काही झालेलं नाही.

आलेख काढला होता लिगाया मानालास्तास या विद्यार्थिनीनं. येत्या सोमवारी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अशाच आलेखांवर उभं होतं.

क्लासेन शिस्तीचे माणूस. त्यांनी तिथल्या तिथे प्रयोगशाळेच्या फ्रीजला चिकटपट्टी लावली, तिच्यावर आडवी सही ठोकली आणि विद्यापीठाला कळवलं की आलेख बनावट असावा. समिती शुक्रवारी दुपारी बसणार होती. आरोप टिकला तर परीक्षा रद्द, आणि लिगायाचं नाव विद्यापीठातून कायमचं कमी.

तासाभरात लेस्या बॉयचुक यांच्या टेबलावरचा फोन वाजला.

२

लेस्याबाई विद्यापीठाच्या संशोधन-सचोटी विभागाच्या प्रमुख होत्या. बुधवारी कॅनडातल्या विनिपेग शहरावर हिमवादळ कोसळलं होतं, अख्खं विद्यापीठ बंद होतं, त्यामुळे गुरुवारी त्यांच्यापुढे कामाचा ढीग पडला होता. तो त्यांनी बाजूला सारला. या नोकरीआधी त्यांनी उमेदीची वर्षं प्रांताच्या दूध तपासणी खात्यात काढली होती. गोठ्यागोठ्यात जायचं आणि दुधात पाणी घातलंय का ते शोधायचं. पाणी घालणारे सगळे शेतकरी त्यांना कॉफी पाजत आणि न विचारलेलं सांगत. न विचारलेलं नीट ऐकायचं, ही सवय तिथली.

लिगाया यंत्राच्या खोलीत एकटी बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

“बाई, मी काहीही बनवलेलं नाही.”

“ते नंतर बघू. आधी मला हे यंत्र समजावून सांग. मला दुधातलं कळतं, उजेडातलं कळत नाही.”

ही थट्टा नाही हे पटल्यावर लिगायानं खुर्ची पुढे ओढली.

“हे रामन यंत्र. एकाच जिवाणूवर लेझरचा हिरवा झोत टाकायचा. बहुतेक उजेड जसा गेला तसा परत येतो. अगदी थोडा मात्र जिवाणूच्या अंगातल्या रेणूंशी झोंबून, रंग बदलून येतो. कुठला रंग किती आला, त्याचा हा आलेख.” पडद्यावर डोंगररांगेसारखी रेषा उमटली. “हे सगळे सुळके म्हणजे प्रथिनं, चरबी वगैरे. आणि इथे बघा, डोंगर संपले, सपाटी लागली.”

“ब्रँडन गावाकडे गाडीनं जाताना लागते तशी.”

लिगायाला हसू आलं. “तशीच. या पट्ट्यात जिवाणूचं स्वतःचं काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही त्याला जड पाणी पाजतो. दिसायला पाणीच, पण त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. जिवंत जिवाणू तो हायड्रोजन घेऊन स्वतःच्या चरबीत, प्रथिनांत बसवतो. मग या सपाटीवर एक टेकडी उठते. औषधानं तो थंडावला असेल तर नवं काही बांधतच नाही. टेकडी येत नाही.”

“टेकडी म्हणजे जिवंत. सपाटी म्हणजे औषध लागू.”

“हो, आणि तेही तासाभरात. प्लेटवर उगवायची वाट बघत बसायला नको. म्हणून तर कूया क्रिस्त्यान यंत्रावर रुसलेला असतो.” फिलिपिनो घरातली मुलगी, वडीलधाऱ्या पुरुषाला कूया, म्हणजे दादा, म्हटल्याशिवाय तिची जीभ वळत नसे.

“मंगळवारी?”

“एकाही जिवाणूत टेकडी नव्हती. इतकी स्वच्छ सपाट रेषा मी आजवर पाहिली नव्हती. वेड्यासारखी नाचले मी इथे.”

“सकाळपासून काय काय केलंस ते सांग. कंटाळवाणं असलं तरी गाळू नकोस.”

“आले, कोट काढला. फ्रीजमधून जड पाण्याची बाटली घेतली. पाणी तयारच होतं, म्हणून लगेच नळ्या भरल्या. त्यात जिवाणू सोडले, औषध घातलं. तासाभरानं त्यातले थोडे काढून साध्या पाण्यानं धुतले...”

“साध्या पाण्यानं का?”

“बाहेरून लागलेलं जड पाणी निघून जायला हवं ना. अंगात मुरलेलं तेवढंच राहतं. मग काचेवर थेंब, आणि झोत.”

“आणि औषध न घातलेली नळी? तुलना कशाशी केलीस?”

लिगाया पहिल्यांदाच अडखळली. “ती आम्ही एक तारखेला करतो. महिन्यातून एकदा. जड पाणी उधळायचं नाही, असा सरांचा दंडक आहे. एक तारखेचा आलेख महिनाभर वापरायचा.”

लेस्याबाई पडद्यावरच्या सपाटीकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे मंगळवारी या यंत्रानं औषधाशिवायचा, धडधाकट जिवाणू एकही पाहिला नाही.”

“नाही.”

“मग समोर आला असता, तर त्या दिवशी तो यंत्राला दिसला असता, हे तुला कशावरून ठाऊक?”



३

औषध घडवणारा रसायनज्ञ फाब्रिस कारियेर वरच्या मजल्यावर बसे. नदीपलीकडच्या सेंट बोनिफेसचा, गोडबोल्या. लेस्याबाई आत येताच त्यानं कॉफीचा कप पुढे केला. जुन्या गोठ्यांची आठवण होऊन त्यांनी तो घेतला.

“लिगायाचं फार वाईट वाटतं हो मॅडम. परीक्षा तोंडावर, केवढा ताण. अशा वेळी माणसाच्या हातून एखादी रेषा सपाट होऊन जाते.”

“तिनंच केलं म्हणता?”

“छे छे! मी फक्त ताण म्हटलं.”

“जिवाणू उगवले, याचा अर्थ तुमचं औषध चाललं नाही.”

फाब्रिसनं हातातला कप ठेवला. “माझं औषध सावकाश मारतं. वर्षभर कंठशोष करतोय मी. तासाभरात निकाल मागणारं यंत्र त्याला कसं न्याय देणार? पण इस्पितळाला घाई, सरांना यंत्राचं कौतुक.”

“तरी मंगळवारी तासाभरातच मारलं त्यानं.”

“हो, म्हणजे... आलेख तसं म्हणत होता.”

लेस्याबाईंनी घोटभर कॉफी घेतली. “मंगळवारी सकाळी तुम्ही खाली गेला होतात?”

“गेलो होतो ना, औषधाची कुपी द्यायला. लिगाया खुर्चीत बसली होती, जड पाण्याची बाटली काखेत धरून. अंडं उबवणारी कोंबडी जशी! मी म्हटलंसुद्धा, काय गं, पिल्लं निघाली का?”

“मग?”

“हसली. म्हणाली, अजून अर्धा तास.”

“बाटली काखेत कशाला?”

“इथली रीतच आहे ती. सगळे करतात. क्रिस्त्यानला विचारा हवं तर.”

जिना उतरताना लेस्याबाईंच्या मनात दोन वाक्यं शेजारी शेजारी उभी होती. लिगाया म्हणाली होती, पाणी तयारच होतं, लगेच नळ्या भरल्या. फाब्रिस म्हणत होता, अजून अर्धा तास होता. अर्धा तास कशाला लागतो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. पण दोघांतलं एक जण खोटं बोलत होतं, आणि इतक्या क्षुल्लक गोष्टीत कुणी उगीच खोटं बोलत नाही.

४

क्रिस्त्यान मागच्या कोठारात स्टुलावर बसून घरून आणलेला विनार्तेर्ता खात होता. आलुबुखाराचे थर घातलेला तो आइसलँडी केक त्याच्या घरी वर्षभर असे. त्यानं एक तुकडा कागदावर ठेवून पुढे सरकवला.

“विचारा बाई. मला ठाऊक आहे, संशय माझ्यावरही आहे. यंत्र खोटं पडलं तर आनंद कुणाला? मला. सरांनी प्लेटा बंद करायचं ठरवलंय. मग मी काय, बाटल्या पुसू?”

“आनंद झाला का?”

“प्लेट बघून झाला. पोरीचं तोंड बघून गेला.”

“ती बाटली काखेत का धरतात?”

क्रिस्त्यान हसला. “जड पाण्याला थंडी सोसत नाही. साधं पाणी शून्यावर गोठतं, हे चारच्या आसपासच गोठतं. आमचा फ्रीज दोनवर लावलेला. त्यामुळे बाटलीत कायमचा दगड. सरांना तेच पसंत आहे. गोठलेलं असलं की कुणी उगाच भसाभस ओतत नाही. मग ज्याला काम असेल त्यानं काखेत धरून बसायचं, नाहीतर खिशात घालून हिंडायचं. चांगला अर्धा तास जातो.”

लेस्याबाईंचा केकचा घास तोंडातच राहिला. दुधात पाणी घातलंय का हे त्या नेमकं असंच पकडत. दूध ठरलेल्या अंशावरच गोठतं. पाणी मिसळलं की तो अंश सरकतो. चव फसवते, रंग फसवतो, पण गोठायचा अंश कुणाला वश होत नाही.

“लिगाया म्हणते, मंगळवारी पाणी तयार होतं.”

“मग मी काढून ठेवलंय असं वाटलं असेल तिला. पुष्कळदा ठेवतो मी सकाळी. पोरगी बाटली उबवत बसते, बघवत नाही.”

“मंगळवारी ठेवलीत?”

आता नुसतं हो म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. क्रिस्त्यानला ते कळत होतं की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, “नाही. मंगळवारी दुपारपर्यंत मी गिम्लीला होतो, सरोवरावर. बर्फाला भोक पाडून पिकरेल मासे धरत बसलो होतो. दुसऱ्या कुणाला सांगितलंही नव्हतं.”

“मला फ्रीज दाखवा.”

फ्रीजचं दार काचेचं होतं. क्लासेनांची चिकटपट्टी जागच्या जागी होती, सही अखंड. काचेशेजारच्या आकड्यावर दोन अंश. आत वरच्या फळीवर जाड पांढरट बाटली उभी होती, तिच्यावर ‘जड पाणी’ अशी चिठ्ठी. मंगळवारी लिगायानं ती परत ठेवली, आणि नंतर कुणी हात लावलेला नव्हता.

लेस्याबाईंनी फोनचा उजेड बाटलीवर धरला. “क्रिस्त्यान, फ्रीजला जरा धक्का द्या. हलकेच.”

त्यानं खांद्यानं फ्रीज लोटला.

बाटलीतलं पाणी डुचमळलं.

५

शुक्रवारी सकाळी, समिती बसायच्या आधी, लेस्याबाईंनी चौघांनाही प्रयोगशाळेत बोलावलं. क्लासेननी स्वतः चिकटपट्टी तोडली. शेजारच्या खोलीत तशाच दोन अंशांवरच्या फ्रीजमध्ये क्रिस्त्याननं आदल्या दिवशी जड पाण्याची नवी, सीलबंद बाटली ठेवली होती. दोन्ही बाटल्या टेबलावर आल्या. नवी पांढरीफटक, दगडासारखी घट्ट. जुनीतलं पाणी खळखळत होतं.

“यावरून काही सिद्ध होत नाही,” क्लासेन म्हणाले. “स्वच्छ पाणी कधीकधी गोठायच्या अंशाखालीही तसंच पातळ राहतं. हा शाळेतला धडा आहे.”

“बरोबर आहे सर. मग त्याला जागं कसं करतात?”

“त्याच पाण्याच्या बर्फाचा कण टाकायचा. क्षणात सगळं गोठतं.”

“टाकू या.”

क्रिस्त्याननं नव्या बाटलीतला बर्फ खरवडून एक खडा काढला. लेस्याबाईंनी जुन्या बाटलीतलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, आणि खडा त्यात सोडला.

पाणी गोठलं नाही. खडा मात्र सरळ तळाशी गेला आणि तिथेच पडून राहिला.

अर्धं वर्ष गोठलेल्या नद्यांवरून चालणारी माणसं ती. बर्फ वर राहतो हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक.

“अरे देवा,” क्रिस्त्यान पुटपुटला. “जन्मभर बर्फावर बसून मासे धरले. बर्फ बुडताना आज बघितला.”

“जड पाण्यात तो तरंगला असता,” लिगाया हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “हे साधं पाणी आहे! मी त्यांना साधं पाणी पाजलं. मग टेकडी येणार कुठून? मेलेले असोत नाहीतर जिवंत, रेषा सपाटच येणार!”

“आणि बिनऔषधाची नळी त्याच दिवशी केली असती तर ती रेषाही सपाट आली असती,” लेस्याबाई म्हणाल्या, “आणि लबाडी तिथेच उघडी पडली असती. नियम माहीत असलेल्या माणसानंच हे केलंय. महिन्याच्या मधला दिवस त्यानं बघून निवडला.”

क्लासेनांचा चेहरा उतरला. पण ते हटले नाहीत. “मग लिगायानंच केलं नसेल कशावरून? चांगला निकाल तिलाही हवा होता.”

“तिनं केलं असतं तर मला काय सांगितलं असतं? बाटली गोठलेली होती, अर्धा तास काखेत धरली. पाणी बदलणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार की बाटली गोठलेली असायला हवी. ती तर सहज म्हणाली, तयारच होतं. आपण काय बोलून गेलो हे तिला आत्ता कळलं.”

लिगाया खाली बघत होती.

“क्रिस्त्यान? त्यांना यंत्राचा राग आहे, हे त्यांनीच सांगितलं. पण पाणी तयार कसं होतं, याला ‘मी काढून ठेवली होती’ एवढं एकच उत्तर पुरलं असतं. लिगायानं ते मानलंही असतं. ते नाही म्हणाले.”

“आणि मी?” क्लासेननी विचारलं. विचारताना ते ताठ बसले.

“तुम्ही गुरुवारी फ्रीज बंद केलात, सर. साधं पाणी आत असताना. ज्यानं ते ठेवलं असेल त्याला बाटली परत बदलायची होती. तो स्वतःच्या हातानं पुरावा कुलपात घालेल का?”

आता सगळे फाब्रिसकडे बघत होते. तो खिडकीशी उभा होता, बाहेरच्या बर्फाच्या ढिगांकडे तोंड करून.

“लिगाया,” लेस्याबाईंनी विचारलं, “मंगळवारी फाब्रिस तुला काय म्हणाले?”

“मंगळवारी? काही नाही. कुपी टेबलावर होती, तिच्यावर चिठ्ठी होती. ते आलेच नव्हते.”

“मला त्यांनी सांगितलं की तू बाटली काखेत धरून बसली होतीस. कोंबडीसारखी. पिल्लं निघाली का म्हणून त्यांनी विचारलं, आणि तू म्हणालीस, अजून अर्धा तास. मी यातलं काही विचारलं नव्हतं. या इमारतीत एकाच माणसाला, त्या सकाळी बाटली गोठलेली होती, हे माझ्या गळी उतरवायची गरज वाटली. पाणी बदलणाऱ्याला.”

फाब्रिस वळला. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

“तासाभरात निकाल! सहा वर्षं घातली मी त्या औषधात. ते मारतं, पण सावकाश. इस्पितळ तुमच्या टेकडीशिवाय दुसरं काही ऐकायला तयार नव्हतं. एक दिवस टेकडी दिसली नसती तर काय बिघडणार होतं? पुढच्या चाचणीत औषधानं स्वतःला सिद्ध केलं असतं. सोमवारी संध्याकाळी पाणी बदललं. मंगळवारी परत घालणार होतो, तर क्रिस्त्यान इथून हलेना. बुधवारी वादळ. गुरुवारी सरांची सही.”

“आणि लिगाया?” क्लासेननी विचारलं.

“तिचं नाव मी घेतलं नव्हतं.”

“ताण म्हणालात,” लेस्याबाई म्हणाल्या. “तेवढं पुरे होतं.”

क्रिस्त्यान उठला. उबेच्या कपाटातून त्यानं एक नळी आणली आणि फाब्रिसच्या डोळ्यांपुढे धरली. “नुसती प्लेट नाही रे बाबा. ही मंगळवारचीच नळी, तुझ्या औषधासकट ठेवली होती मी. सावकाश मारतं म्हणतोस ना? बघ. ताक झालंय.”

नळी खरोखरच ताकासारखी गढूळ होती. फाब्रिसनं ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ धरली. आतापर्यंत तो समोरच्यांशी भांडत होता. आता भांडायला कुणी उरलं नाही.

“तुमचं जड पाणी माझ्या कपाटात आहे,” तो म्हणाला. “वरच्या खणात.”

६

समितीचं काम लवकर आटोपलं. लिगायावरचा आरोप मागे घेतला गेला, इस्पितळाला फोन गेला, फाब्रिसचं प्रकरण वेगळं काढण्यात आलं. लेस्याबाईंचं काम संपलं होतं. तरी त्या घरी न जाता यंत्राच्या खोलीत आल्या. दोन दिवस ज्या टेकडीबद्दल ऐकलं, ती त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

लिगायानं नव्या बाटलीतल्या जड पाण्यात, औषधाचा थेंबही न घालता, इस्पितळाचा तोच जिवाणू वाढवला होता. शेजारच्या नळीत औषध होतं. क्रिस्त्यानही दाराशी रेंगाळत होता, आपल्याला यात काही रस नाही अशा चेहऱ्यानं.

हिरवा ठिपका जिवाणूवर स्थिरावला. पडद्यावर सुळके उमटले, मग सपाटी लागली, आणि सपाटीच्या मधोमध रेषा अलगद वर चढली, गोल झाली, खाली आली.

“ही का ती?” लेस्याबाई पुढे वाकल्या. “एवढीशी?”

“एवढीशीच. जिवंत आहे तो.”

मग औषधाच्या नळीतला जिवाणू. पुन्हा टेकडी, किंचित बुटकी, पण टेकडीच.

“म्हणजे यंत्र खरं बोलतं,” क्रिस्त्यान दारातून म्हणाला. “कधीमधी.”

“तुझी प्लेटही, कूया. कधीमधी.”

तेवढ्यात क्लासेन आत आले. “लिगाया, समितीनं तुला निर्दोष ठरवलंय. सोमवारची परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. मंगळवारचा आलेख तेवढा काढून टाक. बाकीच्या प्रबंधाला धक्का लागत नाही.”

“लागतो, सर.”

“बाटली तर सोमवारी बदलली होती.”

“असं फाब्रिस म्हणतात. त्याआधीच्या आलेखांचं काय? शेवटच्या प्रकरणातली प्रत्येक सपाट रेषा मी एक तारखेच्या टेकडीशी ताडून बघितली. त्या त्या दिवशी पाणी खरं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू? सरांचा दंडक होता म्हणून?”

क्लासेनांच्या कपाळावरची शीर हलली. “कुणी विचारणार नाही.”

“मी विचारलंय ना.”

“समितीनं तुझं नाव साफ केलं आहे, मुली.”

“समितीनं केलंय. मी अजून केलेलं नाही. सगळे आलेख पुन्हा काढायचे आहेत, प्रत्येक वेळी बिनऔषधाच्या नळीसकट. पाणी पुष्कळ लागेल.”

“मागवतो,” एवढंच म्हणून क्लासेन निघून गेले. जाताना त्यांनी दार हळू लावलं.

लेस्याबाईंनी कोट चढवला. बाहेर गाडीचं इंजिन गारठू नये म्हणून लावलेली विजेची वायर भिंतीतून उपटायची होती, काच खरवडायची होती. दाराशी पोचल्या तेव्हा लिगाया फोनवर होती. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिची आई सोमवारच्या जेवणाला कोण कोण येणार याची यादी वाचत होती.

“नानाय, ऐक ना. पाहुण्यांना एवढ्यात बोलावू नकोस,” लिगाया म्हणाली. “नाही गं, नापास नाही झाले. परीक्षा पुढे ढकललीय. उन्हाळ्यात होईल.”

पलीकडे आवाज आणखी चढला. कुणी ढकलली, कुणाची हिंमत झाली, आत्ताच्या आत्ता येते मी तिथे, असा एकूण रोख होता.

लिगायानं फोन जरा लांब धरला, आणि पुन्हा कानाशी आणला.

“मीच,” ती म्हणाली.